गाडी कंपनीची, सही आपली



मागच्या अंकात भाडेकराराविषयी लिहिले, तेव्हा या महिन्यात शिष्यवृत्तीचे अर्ज कसे भरावेत ते सांगू असे आम्ही म्हटले होते. तो विषय एक महिना पुढे ढकलतो आहोत. मध्येच एक प्रकरण दारात येऊन उभे राहिले. ते ज्या घराचे आहे, त्या घराने लिहायला परवानगी दिली आहे, फक्त नाव घालू नका म्हणाले. नाव घालायची गरजही नाही. आपल्या मोहल्ल्यात दर चार-पाच घरांआड एक तरी मुलगा कुणाच्या ना कुणाच्या गाडीवर आहे. कुणी स्कूल बसवर, कुणी टेम्पोवर, कुणी साहेबांच्या कारवर. गाडी दुसऱ्याची आणि स्टिअरिंगवर हात आपला, अशी ही नोकरी.

मगरिब होऊन अर्धा तास झाला असेल. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या अम्मीचा फोन आला. आवाज कापत होता. "सर, पोराच्या हातून गाडी ठोकली गेली. एक माणूस पडलाय. लोक जमले म्हणून हा उसात लपून बसलाय. त्याला पळ म्हणू की थांब म्हणू?"

आम्ही खोटे कशाला बोलू, क्षणभर आम्हीही गप्प झालो. पहिला विचार हाच आला की पोरगा आधी सुखरूप घरी येऊ दे, बाकीचे उद्या बघू. आम्ही वकील नाही, बी.एड. झालेले मास्तर आहोत. पण दर वर्षी रस्ता सुरक्षा सप्ताहात शाळेत भाषण करावे लागते, आणि त्यासाठी मोटार वाहन कायद्यातली चार कलमे वाचून ठेवलेली असतात. त्यातले १३४ वे कलम त्या वेळी कामाला आले.

हे कलम असे आहे. अपघात झाला की चालकाने जखमीला दवाखान्यात पोचवण्यासाठी शक्य ते सगळे करायचे. पोलिसांना माहिती द्यायची. जागेवर पोलीस नसतील तर जवळच्या ठाण्यात जाऊन कळवायचे, लवकरात लवकर, आणि काही झाले तरी २४ तासांच्या आत. विमा कंपनीलाही कळवायचे. आता यातली खरी महत्त्वाची गोष्ट. जमावाचा संताप असेल आणि जखमीजवळ थांबणे शक्य नसेल, तर त्याची सूट याच कलमात दिली आहे. म्हणजे मार पडेल म्हणून जागेवरून बाजूला झालेला माणूस कायद्याने लगेच पळपुटा ठरत नाही. बाजूला होऊन तो कुठे गेला, यावर पुढचे सगळे ठरते. ठाण्यात गेला तर त्याने कायदा पाळला. घरी जाऊन गोधडी पांघरून झोपला तर नाही.

आम्ही अम्मींना म्हणालो, "त्याला सांगा, घरी येऊ नकोस. बांधाबांधाने रस्त्याला लाग आणि सरळ ठाण्यात जा. आम्ही त्याच्या मामूंना घेऊन निघतो."

मुलगा सोलापूरच्या एका वितरण कंपनीचा छोटा हत्ती चालवत होता. बिस्किटे, साबण, चहापत्ती गावोगावच्या दुकानांत टाकायची. पगार सोळा हजार. पहाटे पाचला गोडाऊनवर हजर होऊन माल भरायचा, मग मोहोळ, पंढरपूर आणि परत. त्या दिवशी परतताना पंढरपूर रस्त्यावर, मोहोळच्या अलीकडे, शेताच्या बोळातून एक मोटारसायकल वर आली. संध्याकाळचे सात वाजत आले होते. चौदा तास झाले होते त्याला गाडीवर. ब्रेक मारला, गाडी थांबली नाही. मोटारसायकलवाल्याचा पाय मोडला. लोक धावले, कुणीतरी काचेवर दगड घातला, आणि हा दार उघडून उसात शिरला. गावकऱ्यांनीच १०८ ला फोन करून जखमीला दवाखान्यात नेले. अल्लाहची मेहरबानी, माणूस वाचला.

ठाण्यात आम्ही पोचलो तेव्हा तो बाकावर बसला होता. पायात एकच चप्पल. आम्हाला पाहून उठला आणि म्हणाला, "सर, दस साल की सजा होती ना?"

या दहा वर्षांचे मूळ सांगितले पाहिजे, कारण ही भीती आपल्या प्रत्येक चालकाच्या डोक्यात बसली आहे. २०२४ च्या जानेवारीची पहिली तारीख आठवा. ट्रकवाल्यांनी गाड्या उभ्या केल्या, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. नव्या भारतीय न्याय संहितेत १०६ व्या कलमाचे दुसरे पोटकलम होते. बेदरकार गाडीने माणूस मेला आणि चालक पोलिसांना किंवा मॅजिस्ट्रेटला न कळवता पळाला, तर दहा वर्षांपर्यंत कैद. त्यावरून तो संप झाला. सरकारने वाहतूकदार संघटनेशी बोलल्याशिवाय हे लागू करणार नाही असे सांगितले, आणि १ जुलै २०२४ ला संहिता आली तेव्हा ते पोटकलम वगळूनच लागू झाली. पण संप मोठा झाला, आणि वगळल्याची बातमी लहान छापून आली. त्यामुळे "अपघात म्हणजे दहा वर्षे" एवढेच लोकांच्या लक्षात राहिले. गंमत बघा, पळू नये म्हणून लिहिलेल्या कलमाच्या धाकानेच पोरे पळतात.

प्रत्यक्षात काय आहे? निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर १०६ च्या पहिल्या पोटकलमाखाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. जुन्या दंड संहितेत ती दोन वर्षे होती, म्हणजे वाढली आहे हे खरे. हाड मोडण्यासारखी गंभीर इजा असेल तर १२५ व्या कलमात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सोबत भरधाव गाडी चालवल्याचे २८१ कलम लागते. ही कलमे जामीनपात्र आहेत. या मुलाला त्याच रात्री ठाण्यातून जामीन मिळाला. गाडी मात्र आरटीओच्या तपासणीसाठी तिथेच राहिली.

दारू प्यायलेला चालक असेल तर ही सगळी हकीकत बदलते. विमा, नोकरी, न्यायालय, सगळीकडे तो उघडा पडतो. पहिल्याच वेळी दहा हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. त्याच्यावर जास्त लिहीत नाही.

इथपर्यंत सगळे ठीक झाले होते. बिघडले ते दुसऱ्या दिवशी.

सकाळी दहाला कंपनीच्या ऑफिसातून बोलावणे आले. सुपरवायझरने चहा पाजला, पाठीवर हात ठेवला आणि दोन कागद पुढे केले. एक इंग्रजीत टाईप केलेला, दुसरा कोरा. "फॉर्मॅलिटी है, इन्शुरन्स को लगता." मुलाने दोन्हींवर सही केली. मूळ लायसनही त्यांनी ठेवून घेतले. एकच शहाणपणाची गोष्ट झाली. त्याच्या बायकोने सकाळी निघताना सांगून ठेवले होते, जो कागद देतील त्याचा फोटो मला पाठव, मगच सही कर. तिने बी.ए. केले आहे, आणि घरातला वीजबिलाचा कागदसुद्धा जपून ठेवणारी ती एकटीच. त्याने फोटो पाठवला, पण उत्तराची वाट न बघता सही केली.

संध्याकाळी तो फोटो आम्ही वाचला. अपघात सर्वस्वी माझ्या निष्काळजीपणाने झाला, गाडीचे संपूर्ण नुकसान मी पगारातून भरून देईन, आणि कंपनी सांगेल त्या दिवशी राजीनामा देईन, असा मजकूर होता. दुरुस्तीचे इस्टिमेट १ लाख ४० हजार. दरमहा नऊ हजार कापणार.

आम्ही रागावून विचारले, न वाचता सही का केलीस? खाली मान घालून म्हणाला, "सर, गाडी अमानत होती."

या उत्तराने आम्ही त्या रात्री झोपलो नाही. पोरगा खोटे बोलत नव्हता. लहानपणापासून घरात ऐकत आला की दुसऱ्याची वस्तू अमानत असते, बिघडली तर भरून द्यावी. हा संस्कार चांगलाच आहे. पण अमानत म्हणून एखाद्याने ठेवायला दिलेली वस्तू वेगळी, आणि मालकाने स्वतःच्या धंद्यासाठी, स्वतःच्या फायद्यासाठी रोज चौदा तास पळवायला दिलेली गाडी वेगळी. त्या धंद्यातला नफा चालकाच्या घरी येत नाही. मग तोटा सगळा त्याच्याच घरी का यावा? कायद्यानेही हा प्रश्न फार पूर्वी विचारलेला आहे.

पहिली गोष्ट पगाराची. नुकसानभरपाई पगारातून कापायला मालकाला बंदी नाही, पण अटी आहेत. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यात त्या होत्या, आणि २०१९ च्या वेतन संहितेतही त्या तशाच ठेवल्या आहेत. नुकसान थेट त्या कामगाराच्याच हलगर्जीपणाने किंवा चुकीने झालेले असले पाहिजे. कापण्यापूर्वी त्याला कारणे दाखवायची संधी दिली पाहिजे. जेवढे नुकसान तेवढेच कापता येते, एक रुपया जास्त नाही. आणि भविष्यनिर्वाह निधी धरून सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्याच्या वर जाता कामा नये. सहकारी सोसायटीच्या हप्त्यांसाठी जुन्या कायद्यात थोडी ढील होती, ती इथे गैरलागू. आता सोळा हजारांचे निम्मे आठ हजार. कंपनी नऊ हजार कापणार होती. पाचवीच्या मुलालाही हा हिशेब सांगता आला असता.

"जेवढे नुकसान तेवढेच" या शब्दांवर थोडे थांबा. गाडीचा विमा दोन प्रकारचा असतो. एक, समोरच्या माणसासाठीचा, ज्याला सगळे थर्ड पार्टी म्हणतात. तो प्रत्येक गाडीला सक्तीचा आहे. दुसरा, गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचाही, ज्याला बोलीत फुल इन्शुरन्स म्हणतात. कंपन्यांच्या गाड्या कर्जावर घेतलेल्या असतात आणि कर्ज देणारे सहसा फुल इन्शुरन्स घ्यायला लावतात. म्हणजे दुरुस्तीचा बराचसा खर्च विमा कंपनी देणार, आणि मालकाचे खरे नुकसान उरलेल्या रकमेचेच. इस्टिमेट दाखवून पूर्ण रक्कम चालकाकडून घ्यायची आणि विम्याचा चेकही जमा करायचा, हे दोन्हीकडून घेणे झाले. म्हणून चालकाने मागायचा कागद इस्टिमेट नव्हे. विम्याच्या सर्व्हेअरचा अहवाल आणि दावा किती मंजूर झाला त्याचे पत्र मागायचे.

दुसरी गोष्ट जखमीच्या भरपाईची. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज जातो तेव्हा चालक, मालक आणि विमा कंपनी तिघांची नावे असतात. समन्सवर आपले नाव बघून घर हादरते. पण नोकराने कामावर असताना केलेल्या चुकीला मालक जबाबदार, हे तत्त्व पक्के आहे, आणि मालकाच्या वतीने पैसे भरते ती विमा कंपनी. तरी समन्स आले की न्यायाधिकरणात हजर राहायचे. घरात कागद पडून राहिला तर आपले म्हणणे कुणी ऐकत नाही. उलट, आपल्याच घरचे कुणी रस्त्यावर जखमी झाले असेल तर २०१९ च्या दुरुस्तीने अर्जाला सहा महिन्यांची मुदत घातली आहे, हे विसरू नका.

विमा कंपनी हात वर करते ती बहुधा लायसनवरून. लायसनच नाही, किंवा खोटे आहे, तर ती जखमीला पैसे देऊन नंतर मालकाकडून वसूल करू शकते. हलक्या गाडीच्या साध्या लायसनवर मालवाहू टेम्पो चालवता येतो का, हा वाद वर्षानुवर्षे चालला. पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ ला तो मिटवला. एकूण वजन साडेसात हजार किलोच्या आत असेल तर हलक्या वाहनाचे लायसन पुरते, वेगळी नोंद लागत नाही. धोकादायक माल आणि ई-रिक्षांचे नियम निराळे राहिले. या मुलाला सुपरवायझर "तेरे पास बॅज नहीं, इन्शुरन्स नहीं मिलेगा" म्हणून घाबरवत होता. ते निकालाच्या पहिल्याच वाचनात संपले.

लायसन ठेवून घेण्याविषयीही एक शब्द. ते चालकाच्या नावाचे सरकारी कागदपत्र आहे. पोलीस ते पावती देऊन घेऊ शकतात, आरटीओ निलंबित करू शकते. मालकाच्या टेबलाच्या खणात ते असण्याचे काही कारण नाही.

आमच्या मोहल्ल्यात एक वकील आपा आहेत. त्यांनी फी न घेता तीन ओळींचे मुद्दे काढून दिले आणि बाकी पत्र मुलाला स्वतःच्या अक्षरात लिहायला लावले. अक्षर त्याचे दोन्ही लिपींत सुरेख. इंग्रजी कागद मला समजावून न सांगता सही घेतली, कोऱ्या कागदावरही सही घेतली, ती मी मान्य करत नाही. कारणे दाखवा नोटीस द्या, मी उत्तर देईन. विम्याच्या दाव्याचे कागद आणि माझ्या ड्यूटीची नोंदवही दाखवा. असे ते पत्र. रजिस्टर पोस्टाने गेले, पावती बायकोच्या पिशवीत.

ड्यूटीची नोंदवही का, तर पाच किंवा अधिक कामगार असलेल्या वाहतूक व्यवसायात चालकाला दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने २०२५ पर्यंत घातलेली होती. वितरण कंपनीला तो कायदा लागतो की नाही यावर वाद होऊ शकतो, असे आपांनी सांगितले. पण चौदाव्या तासाला ब्रेकवरचा पाय अर्ध्या सेकंदाने उशिरा पडला, तर ती चूक एकट्या पायाची कशी? शिवाय अकरा दिवस आधी मुलाने सुपरवायझरला व्हॉट्सॲपवर आवाजी निरोप पाठवला होता, ब्रेक ढिला वाटतो म्हणून. दुसऱ्यांदा तोंडी सांगितले होते. तोंडी सांगितलेले वाऱ्यावर गेले. व्हॉट्सॲपचा निरोप राहिला. आरटीओच्या तपासणीत ब्रेकची स्थिती नोंदली जाते, म्हणून तो अहवालही मागून घ्यायचा.

नोकरीचे काय? इथे आमच्या वाचकांचा एक गैरसमज काढला पाहिजे. कोर्टातून सुटलो की नोकरी आपोआप परत मिळते, असे समजतात. तसे नाही. फौजदारी खटल्यात गुन्हा संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो, कंपनीच्या चौकशीत तेवढा कडक पुरावा लागत नाही. तामिळनाडूतल्या चोलन रोडवेज या बस कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये हेच सांगितले. अपघाताची परिस्थितीच जर चालकाची चूक बोलून दाखवत असेल, तर खातेनिहाय चौकशीत ती धरता येते. म्हणून चौकशीत गप्प बसून "कोर्टात बघून घेऊ" म्हणणे घातक आहे.

पण चौकशी व्हायला तर हवी. आरोपपत्र, उत्तर, साक्षी, आपल्या बाजूने बोलायला सहकारी, हे सगळे झाल्यावर निर्णय. जिथे स्थायी आदेश लागू आहेत तिथे चौकशी चालू असताना निलंबित केले तर पहिले नव्वद दिवस निम्मा पगार निर्वाह भत्ता म्हणून द्यावा लागतो, आणि पुढे कामगाराच्या दोषाशिवाय चौकशी लांबली तर पाऊण. मालकांना हा मार्ग लांबचा वाटतो, म्हणून ते राजीनामा मागतात. राजीनामा दिला की चौकशी नाही, भत्ता नाही, पुढचे भांडणही नाही. दबावाखाली राजीनामा लिहू नका. काढायचे असेल तर त्यांनी काढावे, लेखी.

आता ज्या घरात चालकच गेला, त्या घराविषयी. हे लिहिताना हात जड होतो, पण गेल्या वर्षी अशाच एका बेवा भगिनीला चुकीच्या दारात दोन वर्षे फिरताना आम्ही पाहिले आहे. अपघात चालकाच्या स्वतःच्याच चुकीने झाला असेल, तर अपघात न्यायाधिकरणात चुकीवर आधारलेला दावा त्याच्या वारसांना मिळत नाही. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात हेच सांगितले, आणि लोकांनी त्याचा अर्थ "ड्रायव्हरच्या घरच्यांना काहीच नाही" असा घेतला. पगारी चालकाच्या बाबतीत ते बरोबर नाही. २०२५ पर्यंत लागू असलेला १९२३ चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा चूक कुणाची हे विचारत नव्हता. काम करताना, कामामुळे अपघात झाला एवढे पुरते. दारू, मुद्दाम नियम मोडणे असे अपवाद आहेत, पण मृत्यू झाला किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर ते अपवादही लागत नाहीत. मृत्यूच्या हिशेबात मासिक पगाराचा निम्मा भाग वयाच्या गुणकाने गुणतात. पगार जास्तीत जास्त पंधरा हजार धरण्याचे २०२० मध्ये ठरले. तीस वर्षांच्या माणसाचा गुणक २०७.९८. गुणाकार केला तर १५ लाख ५९ हजार ८५० रुपये होतात. महिन्याभरात दिले नाहीत तर बारा टक्के व्याज. गाडीच्या सक्तीच्या विम्यात पगारी चालकाची ही जबाबदारी धरलेली असते. दाव्याची मुदत दोन वर्षे. ज्याच्या पगारातून ईएसआय कापला जातो त्याने मात्र ईएसआयकडे जायचे, या कायद्याकडे नाही.

यासाठी घरात काय असावे लागते? नोकरीचा पुरावा. नेमणुकीचे पत्र नसेल तर बँकेत पगार जमा झाल्याची नोंद, ड्यूटीचे मेसेज, डिलिव्हरीच्या चलनांवरची सही. रोखीने पगार घेणाऱ्या मुलांच्या अम्मींना आमची विनंती, पगार खात्यावर मागायला लावा.

दोन गोष्टी घरच्यांकडून होणाऱ्या. रविवारी गाडी दारात उभी असते, चुलत बहिणीच्या वलीम्याला जायचे असते, आणि मागे सतरंजी टाकून वीस माणसे बसतात. मालवाहू गाडीत फुकट बसलेल्या प्रवाशाची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच स्पष्ट केले. तिथे काही झाले तर वीस घरांची भरपाई मालक आणि चालकाच्या डोक्यावर, आणि मालक म्हणणार, मी परवानगीच दिली नव्हती. दुसरे, कारची चावी खिळ्याला टांगलेली असते आणि नववीतला मुलगा "गल्लीतच फिरवतो" म्हणून घेऊन जातो. आमच्याच वर्गातला एक असा आम्ही कान धरून उतरवला आहे. अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन नाही. शिवाय गाडी साहेबांची, म्हणजे अब्बांची नोकरीही त्याच दिवशी गेली.

आमच्या विद्यार्थ्याचे पुढे काय झाले ते सांगतो. पत्रानंतर दहा दिवस ऑफिसातून फोन नाही. मग बोलावले, या वेळी सुपरवायझर नाही, मालक स्वतः. लायसन परत मिळाले. कोरा कागद त्यांनी समोर फाडला, इंग्रजी कागदाबद्दल बोलणे टाळले. विम्याने बराचसा खर्च मंजूर केला होता, तेवीस हजार उरले होते. त्यातले सहा हजार मुलाने सहा हप्त्यांत द्यायचे ठरले. आपांचे म्हणणे होते की हेही देऊ नको, ब्रेकची तक्रार तुझी आहे. मुलगा म्हणाला, माझाही पाय चुकला असेल, एवढे देतो. आम्ही आग्रह केला नाही.

गाडी मात्र परत दिली नाही. गोडाऊनमध्ये पेट्या मोजायला बसवले. तीन महिन्यांनी एका शनिवारी सांगितले, सोमवारपासून येऊ नको. चौकशी नाही, पत्र नाही. आम्ही त्याला कामगार आयुक्तांच्या कार्यालयात घेऊन गेलो. दोन तारखा झाल्या. तिसऱ्या तारखेला थकलेला पगार, रजेचे पैसे आणि अनुभवाचा दाखला यावर मिटले. लढला असता तर जास्त मिळाले असते असे आम्हाला अजून वाटते. त्याची बायको म्हणाली, "सर, घरभाडं पाच तारखेला द्यायचं असतं." यावर आमच्याकडे उत्तर नव्हते.

जखमी माणूस शेतकरी आहे, आता काठी टेकत चालतो. मुलाची अम्मी दोनदा त्याच्या घरी जाऊन आली. पहिल्या वेळी त्याच्या आईने दार उघडले नाही. दुसऱ्या वेळी पाणी दिले. न्यायाधिकरणात त्याचा अर्ज चालू आहे, आणि विमा कंपनीचा वकील उभा राहिला आहे.

फौजदारी खटल्याची तारीख पुढच्या महिन्यात आहे. दरम्यान मुलाला एका शाळेच्या बसवर काम मिळते आहे. अर्जात एक रकाना होता, आपल्यावर एखादा खटला प्रलंबित आहे का? तो फॉर्म घेऊन परवा संध्याकाळी आमच्याकडे आला. रकान्यावर बोट ठेवून बराच वेळ बसला. नाही लिहिले तर कुणाला कळणार, असे त्याला त्याचा मित्र म्हणाला होता. आम्ही म्हणालो, मुले बसमध्ये बसवणार आहेस, लिही. त्याने खटल्याचा नंबर, ठाणे आणि तारीख मराठीत लिहिली, खाली सही केली, आणि फॉर्मचा फोटो काढून बायकोला पाठवला. शाळेचे उत्तर अजून आलेले नाही.